कासव कुठून आलं, ते बिलावर लिहा

सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या ॲक्वेरियम व पेट शॉप चालवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. मी पशुवैद्य, विश्रामबागेत माझा छोटा दवाखाना आहे. कुत्री-मांजरं जास्त, मधूनच ससा, कधी रिक्षातून आलेली एखादी शेळी. तुमच्या दुकानातून गेलेला जीव आजारी पडला की 'मॅडमकडं जावा' म्हणून तुम्हीच माणसं पाठवता. त्याच हक्कानं हे पत्र लिहिते आहे. विषय एकच, कासवं.

गेल्या काही वर्षांत कासव घेऊन येणारे वाढलेत. कुणी डब्यात आणतं, कुणी बादलीत, एक मुलगा तर हेल्मेटमध्ये घेऊन आला होता. तक्रारी ठरलेल्या. 'खाईना झालंय.' 'डोळंच उघडंना.' मी आधी विचारते, 'आणलं कुठून?' उत्तर येतं, 'दुकानातून.' दुकानात विचारावं तर 'मुंबईच्या पार्टीकडून.' पुढं पार्टीला विचारणार कोण? तुमच्यातल्याच एकानं मला सरळ सांगितलं, 'मॅडम, पहाटे ट्रॅव्हल्सनं थर्माकोलची पेटी येते. माशांबरोबर कासवं असतात. कुठली, ते आम्ही कधी विचारलंच नाही.' खोटं बोलण्यापेक्षा हे बरं. पण त्याच दुकानात फ्लॉवरहॉर्न मासा दाखवताना 'थायलंडचं ब्रीड आहे' हे न विचारता सांगितलं जातं, आणि त्याचा भावही वेगळा लागतो.

मूळ गाव सांगून माल विकणं आपल्याला कुणी शिकवायला नको. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला 2018 मध्ये. मार्केट यार्डात हळद कुठल्या भागातली हे विचारल्याशिवाय सौदा होत नाही. हळकुंडाला जेवढी विचारपूस आहे तेवढी जिवंत प्राण्याला नसावी, हे मला पटत नाही. शिवाय कासवाच्या बाबतीत 'कुठलं' याच्या उत्तरावर सगळंच ठरतं. ते पाळणं गुन्हा आहे की नाही, ते जगेल कसं, घरातल्या पोराला त्याच्यापासून काय होऊ शकतं आणि नको झालं तर त्याचं करायचं काय, हे सगळं.

आपल्याकडे विकली जाणारी कासवं ढोबळमानानं तीन वाटांनी येतात. पहिली वाट परदेशाची.

डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू, दहाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं. तुम्ही त्याला 'रेड इअर' म्हणता, गिऱ्हाईक 'ते हिरवं कासव' म्हणतं. हे मूळचं अमेरिकेचं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. संथ पाणी, पाण्यात पडलेले ओंडके, त्यावर चढून तासन्‌तास ऊन खाणारा हा प्राणी. लुईझियाना राज्यात त्याची मोठमोठी फार्म आहेत. तळ्याच्या काठाची अंडी गोळा करायची, उबवायची, पिल्लं पेटीत भरून पाठवायची, असा तो धंदा. 1975 मध्ये अमेरिकन सरकारनं 4 इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव विकायला बंदी घातली. कारण साल्मोनेला. हा जंतू कासवाच्या आतड्यात गुपचूप राहतो, कासवाला काही होत नाही, पण त्या पिल्लाला हातात घेऊन तोच हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना जुलाब, ताप, कधी रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग होत होता. देशात विक्री बंद झाली, निर्यातीला मात्र मोकळीक राहिली. मग हे पीक जगभर पाठवलं गेलं. 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून 5 कोटींहून जास्त लाल कानाची कासवं बाहेर गेली. त्यांच्या पोरांसाठी धोक्याचं ठरलेलं पिल्लू आपल्या पोरांच्या वाढदिवसाची भेट झालं!

आता चीनमध्ये आणि आग्नेय आशियातही त्यांची पैदास होते. चेन्नईच्या विमानतळावर बँकॉककडून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत ही पिल्लं सापडल्याच्या बातम्या इतक्या वेळा आल्यात की त्यात आता नवल राहिलेलं नाही. हे कासव भारतातलं नसल्यामुळं आपल्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत नाही, आणि म्हणून तुमच्यातले बरेच जण गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतात, 'हे लीगल आहे.' पाळण्यावर त्या कायद्याची बंदी नाही हे बरोबर. पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयातीचा परवाना लागतो, आरोग्याची कागदपत्रं लागतात. तुमच्या पेटीबरोबर त्यातला एक तरी कागद येतो का? आणि कुणी इथंच, आपल्या देशात, अंडी उबवून पिल्लं काढत असेल तर फारच छान. मग त्याचं नाव-गाव सांगायला त्याला लाज का वाटावी?

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला कधीच सांगितली जात नाही. हे नाण्याएवढं पिल्लू वाढून जेवणाच्या ताटलीएवढं होतं. मादीचं कवच 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जातं आणि नीट सांभाळलं तर ते तीस वर्षंही जगतं. म्हणजे दुसरीतल्या मुलासाठी घेतलेलं कासव त्याच्या लग्नाला हजर असणार. तुम्ही त्याच्याबरोबर देता तो ताडाच्या प्लॅस्टिक झाडाचा टब त्याला सहा महिन्यांत अपुरा पडतो.

माझ्या टेबलावर येतं ते नेमकं काय, तेही सांगते. पापण्या फुगून दोन मण्यांसारख्या झालेल्या, डोळे बंद. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून पापण्या आणखी सुजतात. बहुतेक वेळा हा 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव असतो, कारण त्याला महिनोन्‌महिने फक्त सुकी कोळंबी घातलेली असते. कवच अंगठ्यानं हलकं दाबलं तर दबतं. घरचे म्हणतात, 'मॅडम, रोज खिडकीत उन्हाला ठेवतोय की.' खिडकीची काच बंद असते. कवच घट्ट करायला लागणारे अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत. मिसिसिपीच्या ओंडक्यावर ऊन खाणारं जनावर आपण ट्यूबलाइटखाली ठेवलंय, हे एकदा डोक्यात बसलं की उपचार अर्धा कळतो. मूळ ठिकाण कळलं तर त्याला काय लागतं ते कळतं. तुम्ही टाकी, फिल्टर, खाद्य विकता. ही दोन वाक्यं त्याबरोबर फुकट द्यायला काय जातंय?

दुसरी वाट आपल्याच देशातली, आणि ती सरळ गुन्ह्याची आहे. स्टार कासव.

कुणी तारा म्हणतं, कुणी चांदणी. काळ्या कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. दिसायला इतकं देखणं की त्याचं देखणेपणच त्याच्या मुळावर आलंय. दुकानात ते उघड्यावर नसतं, हे मला माहीत आहे. 'दाखवतो, आतल्या खोलीत या' असतं किंवा व्हॉट्सॲपवर फोटो असतो. हे जमिनीवरचं कासव. त्याला पोहता येत नाही. तरीही ते माझ्याकडे येतं ते पाण्याच्या टबातून उचलून, नाकातून फेस येत असताना, कारण विकणाऱ्यानं कासव म्हणजे पाणी असा हिशोब करून तेच सांगितलेलं असतं. कोरड्या झुडपी माळावर गवत, पाला, निवडुंगाची फळं खाणारा हा प्राणी. एका बाजूला गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दुसऱ्या बाजूला आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, आणि पलीकडे श्रीलंका, असा त्याचा मुलूख आहे.

'हे ब्रीडिंगचं आहे मॅडम, जंगलातलं नाही.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी कासवालाच विचारते. एका कासवाच्या मागच्या पायाच्या सांध्यात, कातडीच्या घडीत, गोचीड बसलेला होता. चिमट्यानं काढला तो फुगलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. कवचाच्या कडेला जळाल्याचा जुना डाग, रान पेटवलं जातं तिथं राहणाऱ्या कासवांना असतो तसा. पोटाखालचं कवच दगडावर घासून गुळगुळीत. फ्लॅटमध्ये जन्मलेल्या कासवाच्या अंगावर हे कुठून येणार? याउलट घरात चुकीच्या आहारावर वाढलेल्या स्टार कासवाच्या पाठीवर टेंगळं येतात, प्रत्येक चांदणी वेगळी डोंगरासारखी वर येते. कवच बघून बरंच काही वाचता येतं.

आणि समजा, खरंच कुणी घरात पैदास केली असेल, तरी कायद्याला त्यानं फरक पडत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यात स्टार कासव अनुसूची 1 मध्ये गेलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं, आणि दंड 25 हजारांपेक्षा कमी नाही. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही 2019 मध्ये ते परिशिष्ट 1 मध्ये घेतलं गेलं, तिथं त्याचा व्यापारी सौदा बंद. शिवाय वन्यप्राण्यावर मालकी सरकारची. त्यामुळं गिऱ्हाईक 'मी पैसे देऊन घेतलंय' म्हणालं तरी उपयोग नाही, आणि तुम्ही 'मी फक्त मधला' म्हणालात तरी नाही. आपल्या जिल्ह्याला हा कायदा नवा नाही. बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबवावी लागली, त्यावर केवढं रान उठलं होतं, ते तुम्ही पाहिलंय. नागासाठी जो कायदा तोच कासवासाठी. फरक एवढाच की नागपंचमीला कॅमेरे असतात, आतल्या खोलीत नसतात.

हा व्यापार केवढा आहे, याचा एक आकडा सांगते. देशातल्या एकाच ठिकाणी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा एका वर्षात तिथून किमान 55 हजार स्टार कासवं गोळा होत असल्याचं त्यांना आढळलं. 2015 मध्ये तो अभ्यास छापून आला. एका ठिकाणची ही गोष्ट. त्यातली बरीच परदेशी जातात, उरलेली आपल्यासारख्या गावांत येतात. मरतात किती, ते पेटी उघडणाऱ्यालाच माहीत.

इतर जनावरांचा हिशोब कासवाला लावून चालत नाही. उंदीर कितीही मारले तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत भरून निघतात. कासवाची मादी वयात यायलाच बरीच वर्षं घेते, एका वेळी मोजकी अंडी घालते, त्यातली कितीतरी मुंगूस-घोरपडीच्या पोटात जातात. ती अनेक वर्षं जगते आणि दर वर्षी घालत राहते, म्हणून वंश टिकतो. तुम्ही मोठी मादी उचलली की तिची पुढच्या वीस वर्षांची अंडी उचलली. म्हणून 'आम्ही एकच विकलं' याला फारसा अर्थ नाही.

स्टार कासवाच्या नखांचाही एक बाजार आहे, तो तुमच्या दुकानात नसला तरी तुमच्या कानावर असणार. 'वीस नखी' कासव असेल तर गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो. स्टार कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात, म्हणून वीस नखांच्या शोधात माणसं रानं पालथी घालतात. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या भानगडीत पडलेल्यांना दोन-दोन कायदे लागतात. असो.

तिसरी वाट सगळ्यात जवळची. कृष्णेची, वारणेची, येरळेची, आपल्या ओढ्यांची आणि विहिरींची. 'गावठी' म्हणून जे मोठं, हिरवट-तपकिरी, गुळगुळीत कवचाचं कासव विकलं जातं, ते बहुधा पाणकासव असतं, पाय आत घेतले की खालच्या झडपा बंद करून घेणारं. त्याचं मूळ मला एकदा एक्स-रे न काढताही समजलं. मान बाहेर ओढून घेतली तर तोंडाच्या कोपऱ्यातून नायलॉनचा तुकडा लोंबत होता. दुसऱ्या टोकाला घशात गळ. मासेमारीच्या गळाला लागलेलं कासव कुणीतरी दोरी तोडून तसंच विकलं होतं आणि ते घरात आठवडाभर 'खाईना' म्हणून मुलं त्याच्यापुढं गाजर ठेवत होती. गळ काढला, कासव वाचलं आणि वन विभागाकडं गेलं. घेणाऱ्याला धक्का बसला, कारण हेही अनुसूची 1 मधलं आहे. त्याला दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या नद्यांत एक मऊ पाठीचं कासवही आहे, लीथचं कासव. दक्षिणेकडच्या नद्यांत राहणारं, कृष्णेच्या खोऱ्यातलंही. जगात ते अतिसंकटग्रस्त गणलं जातं. 2022 मध्ये पनामात झालेल्या साइट्सच्या बैठकीत त्यालाही परिशिष्ट 1 मध्ये टाकलं. आपण वाघ बघायला ताडोबाला जातो आणि त्याच तोलामोलाचा जीव आयर्विन पुलाखालून पोहत असतो, याची आपल्याला कल्पनाही नसते. ही कासवं मेलेले मासे, कुजकं मांस खातात, नदीचं झाडलोटीचं काम करतात. मगरीचं तुम्ही ऐकता, कारण ती कुणाच्या पायाला लागते. कासव कुणाच्या पायाला लागत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

गावाकडे विहिरीत कासव सोडायची पद्धत आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणतात. पूर्वीच्या पायऱ्यांच्या विहिरीत ते वर येऊ शकत असेल. आताच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत ते अंडी घालायला वर चढूच शकत नाही. त्यामुळं 'शेतकऱ्याला विहिरीसाठी दिलं' हेही पुण्याचं काम नाही, कायद्यातही बसत नाही.

या तिन्ही वाटांची कासवं तुमच्या दुकानात एकाच टबात असतात, तेही मी पाहिलंय. अमेरिकन रक्ताचं पिल्लू, माळावरचं कासव (तेही पाण्यात!) आणि कृष्णेतलं, एकाच पाण्यात. प्रत्येकाचे जंतू, जंत वेगळे. एकाला सवयीचा असलेला रोग दुसऱ्याला नवा. त्यातलं एखादं पुढं नदीत गेलं तर तो रोगही नदीत जातो.

आणि जातं ते नदीतच. कासव मोठं झालं, पाण्याला वास यायला लागला, मुलगा कॉलेजला पुण्याला गेला की मला फोन येतो, 'मॅडम, काळ्या खणीत सोडू का? हरिपूरच्या संगमावर सोडलं तर देवाचं होईल ना?' लाल कानाचं कासव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. युरोपनं 1997 मध्येच त्याची आयात थांबवली. जपाननं जून 2023 पासून त्याची विक्री आणि पाण्यात सोडणं दोन्ही बंद केलं, आधीपासून घरात असलेलं मात्र सांभाळायला मुभा दिली. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे केरळात 2018 मध्ये त्रिशूरजवळच्या एका कालव्यात ही कासवं आढळली, तेव्हा तिथल्या वनसंशोधन संस्थेनं लोकांना आवाहन केलं की नको असलेली कासवं आमच्याकडे आणून द्या, पाण्यात सोडू नका. ऊन खायची जागा, खाणं, सगळ्यावर हे परकं कासव हक्क सांगतं आणि आपल्या कासवांना बाजूला सारतं.

सांगलीत तर सोडायचीही गरज नाही. 2005, 2019, 2021. तळमजल्यावरच्या दुकानांत, घरांत कृष्णा स्वतः येते. मासे टाकीत मरतात, ते आपण बघितलं. कासव मरत नाही. उघड्या टबाच्या काठावरून पाणी आलं की ते पोहत बाहेर पडतं. पूररेषेच्या आत दुकान असलेल्यांनी निदान एवढ्यासाठी तरी पावसाळ्याच्या तोंडावर कासवांचा माल भरू नये. हे मी कायद्यानं सांगत नाही, शेजारी म्हणून सांगते.

स्टार कासवाचा प्रश्न याहून अवघड. सद्‌हेतूनं विचारणारे भेटतात, 'सागरेश्वरात सोडून येऊ का, अभयारण्यच आहे की.' अहो, कुठलं कासव कुठं सोडायचं? कच्छच्या बाजूचं की अनंतपूरच्या बाजूचं? दोन्हीकडच्या कासवांत आनुवंशिक फरक आहेत. सिंगापुरात पकडलेली स्टार कासवं भारतात परत पाठवली गेली तेव्हा ती नेमकी कुठल्या भागातली हे ठरवायला हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना त्यांचा डीएनए तपासत बसावं लागलं. 2006 मध्ये त्यांनी तो अभ्यास छापला. उचलणाऱ्याला ठिकाण माहीत होतं, त्यानं ते सांगितलं नाही, आणि मग ते शोधायला प्रयोगशाळा लागली. पेटीतून पेटीत जाताना ते कासव आपलं गाव हरवून बसतं. पकडलेली कितीतरी कासवं पुन्हा जंगलात जाऊच शकत नाहीत, ती पिंजऱ्यातच म्हातारी होतात.

तुमची बाजू मला माहीत आहे. भाडं, लाइट बिल, माशांची मर. दुकानात पोरं कासवापुढंच थांबतात, बाप वैतागून पाकीट काढतो. 'आम्ही नाही विकलं तर इन्स्टाग्रामवरून मागवतील,' असंही तुम्ही म्हणता. मागवतील, काही जण. पण इन्स्टाग्रामवाल्याचं दुकान गावात नाही, त्याला कुणी चेहऱ्यानं ओळखत नाही. तुमच्या पाटीवर तुमच्या आजोबांचं नाव आहे. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून विचारतात, 'पाळायला चालतंय ना?' त्याला 'चालतंय' म्हणणारे तुम्ही असता, आणि वन विभागाची धाड पडली तर पंचनाम्यावर त्याच गिऱ्हाइकाचं नाव येतं.

वास्तूसाठी कासव मागणाऱ्यांना तर सरळ पितळेचं द्या. उत्तर दिशा, पाण्याची थाळी, सगळं शास्त्र त्यालाही लागू पडतं. त्यात तुमचं मार्जिन जास्त आणि मर शून्य. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, तिथं कुणी जिवंत कासव बांधून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

तर माझं मागणं असं. स्टार आणि आपल्या नद्यांतली कासवं दुकानात, आतल्या खोलीत, मोबाइलवर, कुठंच नकोत. पार्टीनं न मागता पेटीत घातली तर ती परत पाठवू नका, कारण ती परत जाऊन दुसऱ्या गावात विकली जातील. वन विभागाला 1926 या हेल्पलाइनवर कळवा आणि पार्टी बदला. लाल कानाचं कासव मी तुमच्या जागी असते तर विकलंच नसतं. विकायचंच ठरवलं तर पार्टीला एक प्रश्न विचारा, पैदास कुठं झाली, आणि त्याचं उत्तर कागदावर मागा. 'सगळे असंच घेतात' हे उत्तर नाही. 2018 च्या पेट शॉप नियमांनी दुकानाची नोंदणी आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवणं अपेक्षित धरलंय. मग कासवाची नोंद वहीत करायला काय हरकत आहे? चार मोठ्या दुकानदारांनी मिळून हा प्रश्न विचारला तर मुंबईची पार्टी उत्तर शोधेल. एकट्यानं विचारलं तर माल दुसऱ्याला देईल, हेही मला कळतं. म्हणूनच हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना लिहिलं.

ज्यांनी आधीच कासवं नेलीत, त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे असतात. लाल कानाचं असेल तर त्यांना सांगा की नको झाल्यास दुकानात परत आणा, तुम्ही घ्याल. ते तुम्ही विकलंत, परत घ्यायची तयारी ठेवायला हवी. दुसरं कुठलं असेल तर वन विभागाकडे देण्याशिवाय मार्ग नाही, हेही तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. आणि दोन्हीकडच्यांना एक सूचना: कासवाची टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, हाताळल्यावर साबणानं हात धुवा, पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात कासव देऊ नका.

पुढच्या महिन्यात दवाखाना बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, एखाद्या दिवशी बसूया. चहा माझ्याकडून. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी आधी यावं.

आपली,
विश्रामबागेतली पशुवैद्य

ता. क. बिलावर नेमकं काय लिहायचं, असं एकानं आधीच विचारलं. कासवाची जात, कवचाची लांबी सेंटिमीटरमध्ये, पुरवठादाराचं नाव आणि गाव, पैदास कुठं झाली, आणि खाली 'नको झाल्यास परत आणा, पाण्यात सोडू नका' एवढी ओळ. बिलबुकात जागा नसेल तर मी रबरी शिक्के करून घेते. ज्याला हवा त्यानं येऊन घेऊन जावा.